पहिला पुलिंग ट्रक म्हणून टू-व्हील-ड्राइव्ह डॉज रॅम 2500 (1997, 5.9 लिटर कमिन्स डिझेल): दोन हंगामांनंतरचे परीक्षण

ट्रक पुलिंगमध्ये, म्हणजे स्लेड नावाचा वजनदार गाडा मातीच्या मैदानावर ट्रकने जास्तीत जास्त लांब ओढण्याच्या स्पर्धेत, उतरू पाहणारा नवखा माणूस सहसा फोर-व्हील-ड्राइव्ह डिझेल पिकअप शोधतो. अमेरिकेतील डिझेल पिकअपचे बहुतेक स्पर्धावर्ग चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवूनच आखलेले असल्यामुळे त्याचे काही चुकते असेही नाही. मी मात्र एकेरी केबिनचा, आठ फुटी हौद्याचा, पाच गिअरचा आणि फक्त मागच्या चाकांवर चालणारा 1997 सालचा डॉज रॅम 2500 हा ट्रक 7,600 डॉलरना विकत घेतला आणि ओहायोतल्या काउंटी फेअरच्या (जिल्हा जत्रांच्या) मैदानांवर सलग दोन उन्हाळे तो स्लेडला जुंपला. या किमतीत मिळणाऱ्या गाड्यांमध्ये शिकण्यासाठी याहून चांगली गाडी मला सापडली नसती, असे माझे मत झाले आहे. परंतु हे मत ज्या अटींवर उभे आहे त्या अटी खरेदीआधीच समजून घ्यायला हव्यात.

प्रथम स्लेडविषयी, कारण ट्रकचे गुणदोष त्याच्याशिवाय समजत नाहीत. कुळव खोल जावा म्हणून त्यावर दगड ठेवलेला किंवा पोराला बसवलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या खेळाचे मूळ लगेच उमगेल. पूर्वी मैदानाच्या कडेने माणसे उभी राहत आणि स्लेड पुढे येईल तसतशी एकेक करून त्यावर चढत, म्हणजे ओझे वाढत जाई. आजच्या स्लेडवर माणसांच्या जागी वजनाची पेटी असते. सुरुवातीला ती मागच्या चाकांवर असते आणि स्लेड पुढे सरकू लागला की रुळांवरून पुढे येते. त्यामुळे भार चाकांवरून निघून पुढच्या लोखंडी तव्यावर पडतो आणि तो तवा मातीत घासू लागतो. 300 फूट पार झाले की त्याला फुल पुल म्हणतात. सगळी खेच दहा-पंधरा सेकंदांत संपते, पण पहिल्या शंभर फुटांत हलके वाटणारे ओझे शेवटच्या शंभर फुटांत ट्रकला अक्षरशः जमिनीला खिळवून टाकते.

या ट्रकची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे त्याचे इंजिन. 5.9 लिटरचे, सहा सिलिंडर एका ओळीत असलेले आणि प्रत्येक सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह असलेले हे कमिन्स इंजिन ‘बारा व्हॉल्व्ह’ या नावाने ओळखले जाते. 1994 ते 1998 या काळातील डॉज पिकअपमध्ये त्यावर बॉशचा पी7100 हा पूर्णपणे यांत्रिक डिझेल पंप बसवलेला असे. 1996 पासूनच्या मॅन्युअल गिअरच्या गाड्यांमध्ये त्याची ताकद 215 अश्वशक्ती आणि 440 पौंड-फूट टॉर्क इतकी होती. आजच्या मानाने हे आकडे किरकोळ वाटतील. पण डिझेल किती सोडायचे हे येथे संगणक ठरवत नाही, पंपातील एक पोलादी पट्टी आणि गव्हर्नरच्या, म्हणजे इंजिनाचा वेग आवरणाऱ्या यंत्रणेच्या, स्प्रिंगा ठरवतात. मूळ गव्हर्नर साधारण 2,500 आरपीएमच्या पुढे डिझेल तोडू लागतो. कडक स्प्रिंगा बसवल्या की इंजिन 3,000 च्या पलीकडे दमदारपणे फिरते आणि पुलिंगमध्ये नेमके तेच लागते, कारण चाकांचा वेग पडला की खेच संपली. शिवाय 2007 नंतरच्या डिझेल पिकअपवर असणारा काजळीचा फिल्टर या गाडीवर मुळातच नाही. त्यामुळे तो काढून टाकून कायदा मोडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

इंजिनाचे एवढे कौतुक केल्यावर हेही सांगितले पाहिजे की पहिल्या हंगामात मी त्याला हात लावला नाही, आणि तो निर्णय योग्य ठरला. नवखा माणूस सर्वांत आधी ताकद वाढवतो, कारण ती स्वस्तात वाढते. मग वाढलेली ताकद क्लच जाळते, शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस तोडते किंवा टायर जागच्या जागी फिरवून मातीत खड्डे पाडते. या ट्रकच्या बाबतीत तर ताकद जमिनीपर्यंत पोहोचवणे हाच खरा अभ्यासाचा विषय आहे.

टू-व्हील-ड्राइव्ह गाडीला ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी जादा गिअरपेटी) नसते, म्हणजेच वेग कमी करून ओढ वाढवणारी लो रेंज नसते. फोर-व्हील-ड्राइव्हचा चालक लो रेंजमध्ये तिसरा किंवा चौथा गिअर टाकून हवा तो वेग निवडू शकतो. आपल्यासमोर पहिला किंवा दुसरा एवढेच दोन पर्याय उरतात. माझ्या ट्रकमधील एनव्ही4500 गिअरबॉक्सचा पहिला गिअर 5.61 आणि दुसरा 3.04 गुणोत्तराचा आहे, तर मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर 4.10 आहे. 32 इंची टायर आणि 3,000 आरपीएम धरून हिशेब केला, तर पहिल्या गिअरमध्ये ताशी जेमतेम साडेबारा मैल आणि दुसऱ्यात सुमारे 23 मैल वेग निघतो. पहिल्या गिअरमध्ये ट्रक बैलासारखा ओढतो, पण स्लेडला गती येत नाही आणि पेटी पुढे आली की तो जागीच बसतो. दुसऱ्या गिअरमध्ये गती येते, मात्र सुरुवातीचे दहा फूट क्लचची कसोटी पाहतात. मी दुसराच गिअर वापरतो. हाच ट्रक 3.54 च्या ॲक्सलसह मिळत असेल, तर पुलिंगसाठी तो घेऊ नये किंवा क्राउन-पिनियन बदलण्याचा खर्च किमतीत धरूनच घ्यावा.

आता वजनाविषयी. चालक आणि अर्धी टाकी डिझेल धरून माझ्या ट्रकचे वजन काट्यावर 5,640 पौंड भरले आणि त्यातील 3,420 पौंड पुढच्या चाकांवर होते. ज्या चाकांना ताकद मिळत नाही त्यांच्यावरच जास्त भार, हा या गाडीचा जन्मजात दोष. त्याचा उपाय मात्र खेळातच दडलेला आहे. ट्रक आणि स्लेड यांना जोडणारी साखळी ताणली गेली की हिचच्या (ट्रकमागे साखळी अडकवायच्या जोडाच्या) उंचीमुळे पुढचा भार उचलला जाऊन मागच्या चाकांवर येतो. साखळीवर 4,000 पौंडांचा ताण असेल आणि हिच 26 इंच उंचीवर असेल, तर 134.7 इंचांच्या व्हीलबेसमध्ये (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधील अंतरात) सुमारे 770 पौंड वजन पुढून मागे सरकते. साखळी हिचपासून स्लेडकडे उतरती असते, म्हणून ती हिचला खालीही दाबते, आणि हिच ॲक्सलच्या मागे असल्यामुळे त्या दाबानेही नाक आणखी हलके होते. फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये ही देवाणघेवाण तोट्याची ठरू शकते, कारण तिथे पुढची चाकेही ओढत असतात. आपल्याकडे मात्र पुढून सुटलेला प्रत्येक पौंड कामी येतो. हे सूत्र मी आधी कागदावर वाचले होते, पण साखळी ताणली जाऊन बॉनेट वर येते आणि हातातले स्टिअरिंग एकाएकी लोण्यासारखे मऊ होते, तेव्हाच ते खऱ्या अर्थाने समजले.

म्हणूनच पहिला पैसा हिचवर खर्च करावा. बंपरला लावलेला गोळा किंवा बाजारात मिळणारा साधा रिसीव्हर येथे चालत नाही. हिच थेट चासीला घट्ट बांधलेला, न हलणारा असावा लागतो. रस्त्यावरच्या डिझेल पिकअपच्या वर्गांमध्ये त्याची कमाल उंची बहुतेक ठिकाणी 26 इंच ठेवलेली असते. मी तो एका वेल्डिंगच्या कारखान्यात 450 डॉलरना करून घेतला, सिमेंटच्या फरशीवर बरोबर 26 इंच मोजला आणि त्यानंतर टायर बदलले. पहिल्याच स्पर्धेत तपासणी अधिकाऱ्याने हिचखाली टेप धरली, तेव्हा ती साडेसव्वीस दाखवत होती. त्याने शांतपणे सांगितले की एक तर टायरमधील हवा कमी करा, नाही तर ट्रक ट्रेलरवर चढवा. मी मागच्या टायरमधील हवा उंची जुळेपर्यंत सोडली. टायरचा मधला भाग आत गेला, नक्षीच्या फक्त कडा जमिनीला लागल्या आणि ट्रक मैदानात डावीकडे-उजवीकडे डोलू लागला. त्या दिवशी 163 फुटांवर खेच थांबवणारा लाल झेंडा पडला. हिचची उंची नेहमी खेचेच्या वेळच्या टायरवर, खेचेच्या वेळच्या हवेवर आणि हौद्यात वजन ठेवून मोजावी.

मागचे कमानपाटे ताणाखाली दबले तर हिच खाली जातो आणि वजनाची सगळी गणिते बिघडतात. त्यासाठी ॲक्सल आणि चासी यांच्यामध्ये पोलादी ठोकळे घट्ट बसवून मागचे सस्पेन्शन रोखतात. तरीही ॲक्सल पाट्यांवर पिळला जाऊन चाके उड्या मारू लागली, तर क्षणाचाही विलंब न लावता पाय काढावा. क्रॉस आणि ॲक्सलचे शाफ्ट तुटतात ते अशाच वेळी.

मागचा ॲक्सल हा या विशिष्ट मॉडेलचा दुसरा मोठा गुण. मॅन्युअल गिअरच्या 2500 डिझेलमध्ये डाना 80 हा भक्कम ॲक्सल येतो, तर ऑटोमॅटिकमध्ये त्यापेक्षा लहान डाना 70 असतो. केवळ एवढ्या कारणासाठीही मी मॅन्युअल ट्रक सुचवेन. डिफरन्शियल साधे असेल तर ते आधी बदलावे, कारण एक चाक फिरते आणि दुसरे थांबते या अवस्थेत फक्त दोन चाकांवर ओढणारा ट्रक सरळही जात नाही आणि पुढेही जात नाही. मी दोन्ही चाके एकत्र फिरवणारा लॉकर बसवला आणि त्याच वेळी दुहेरी प्लेटचा क्लच घातला; क्लचला 1,500 डॉलर लागले. मूळ क्लच दोनच खेचांत गेला होता. त्याचा वास दोन दिवस केबिनमधून हटला नाही.

सुरक्षेच्या नियमांकडे कटकट म्हणून पाहू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. शाफ्टभोवतीची पोलादी कडी, क्रॉसवरील कवच, हेल्मेट, पट्टा आणि अग्निशामक या गोष्टी तर हव्यातच, पण डिझेल चालकाने आणखी एक बाब नीट समजून घ्यावी. टर्बोचे सील फुटले तर डिझेल इंजिन स्वतःच्याच वंगण तेलावर सुसाट फिरू शकते आणि त्या वेळी चावी बंद करून काहीही होत नाही. त्याची हवाच बंद करावी लागते. म्हणूनच वरच्या वर्गांमध्ये हवेच्या वाटेवर झडप बसवून तिची दोरी मागे स्लेडला अडकवतात; ट्रक स्लेडपासून सुटला की दोरी ओढली जाऊन हवा तुटते. माझ्या वर्गात ही झडप सक्तीची नव्हती, तरी मी ती बसवली. सायलेन्सरच्या नळीत 3/8 इंची दोन बोल्ट एकमेकांना आडवे घालतात, तेही फुटलेल्या टर्बोचे तुकडे प्रेक्षकांपर्यंत जाऊ नयेत म्हणून.

जुना बारा व्हॉल्व्ह घेताना दोन ज्ञात दुखणी तपासावीत. टायमिंग गिअरच्या घरात बसवलेली एक छोटी पोलादी पिन कंपनांमुळे सुटून गिअरमध्ये पडू शकते. ती जागेवर धरून ठेवणारी पट्टी स्वस्तात मिळते, खर्च येतो तो मजुरीचा. दुसरे दुखणे एनव्ही4500 मधील पाचव्या गिअरच्या नटचे. तो सैल झाला की पाचवा गिअर लागेनासा होतो. खेचेत पाचव्याची गरज नसते, पण ट्रक घरी चालवत आणायचा असतो.

या ट्रकची खरी उणीव गाडीत नाही, वर्गांत आहे. 1969 मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल ट्रॅक्टर पुलर्स असोसिएशनच्या मैदानांवर टू-व्हील-ड्राइव्हचा वर्ग आहे, पण त्यात सुपरचार्जर लावलेली, मेथनॉलवर चालणारी व्ही-8 इंजिने गर्जत असतात. 1967 पासून ओळखल्या जाणाऱ्या, ओहायोतल्या बोलिंग ग्रीनच्या ऑगस्टमधील स्पर्धेत ती पाहताना अंगावर काटा येतो. डिझेलच्या वर्गांत मात्र फोर-व्हील-ड्राइव्हचेच राज्य. मधल्या या पोकळीत आपल्यासाठी उरतात ते गावोगावचे क्लब. त्यांतील काही टू-व्हील-ड्राइव्हचा स्वतंत्र वर्ग ठेवतात, तर काही स्ट्रीट डिझेलमध्ये सामावून घेतात. हौद्यात वजन चालते का, मागे दुहेरी चाके चालतात का, सस्पेन्शन रोखता येते का, याची उत्तरे प्रत्येक क्लबच्या नियमावलीत वेगळी मिळतात. मी ट्रक आधी घेतला आणि नियमावल्या नंतर वाचल्या, त्यामुळे घराजवळची दोन मैदाने मला बंद झाली. हा क्रम उलटा असावा.

दुसऱ्या हंगामाच्या शेवटच्या स्पर्धेत, गव्हर्नरच्या नव्या स्प्रिंगा आणि हौद्यात ॲक्सलच्या किंचित मागे 1,400 पौंड वजन घेऊन, ट्रक 271 फुटांपर्यंत गेला. खेच झाल्यावर परवानगी घेऊन मी मैदानातून चालत माग पाहिला. मागच्या टायरचे चर शेवटपर्यंत एकसारखे खोल होते. पुढच्या चाकांचे ठसे 90 फुटांपाशी पुसट झाले होते आणि 200 फुटांच्या पुढे काही ठिकाणी माती जशीच्या तशी होती, म्हणजे तेवढे अंतर पुढची चाके हवेत होती आणि तिथेच ट्रक फूटभर उजवीकडे सरकला होता. पुढच्या हंगामात त्या 1,400 पौंडांपैकी 200 पौंड हौद्यातून काढून पुढच्या बंपरमागे बसवणार आहे. पंपाला हात लावणार नाही.