वेंगुर्ल्यात नसलेलं वेंगुर्ल्याचं फुलांचं दुकान

कोकणातल्या एखाद्या लहान गावात आपल्या माणसाला फुलं पाठवायची असतील, तर मोबाईलवर गावाचं नाव टाकून जे पहिलं दुकान दिसेल त्याला पैसे देऊ नका. ते दुकान त्या गावात असेलच असं नाही. माझ्या आत्याच्या पंच्याहत्तरीला आम्ही याच प्रकारात फसलो. नंतर मालवण, देवगड, दापोली, गुहागर अशा नावांनीही तेच दुकान, त्याच फोटोंसकट मला दिसलं. म्हणून सगळं तपशिलात लिहिते आहे. गणपतीत, दिवाळीत किती चाकरमानी गावी फुलं पाठवू बघत असतील आणि त्यांचे पैसे कुठे जात असतील, या विचाराने खरंच स्वस्थ बसवत नाही.

आत्या वेंगुर्ल्याला एकटी राहते. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. वाढदिवस मार्चमधला, मुलांच्या परीक्षा ऐन तोंडावर, त्यामुळे डोंबिवलीहून आम्हाला कुणालाच निघता येईना. तिला निशिगंध फार आवडतो. वेबसाईटवर निशिगंध आणि गुलाबी गुलाब मिळून २४ दांड्यांचा गुच्छ होता, १,७४९ रुपयांचा. त्यावर ‘त्याच दिवशी पोच’ म्हणून आणखी २९९. पानावर ठळक लिहिलं होतं, ‘वेंगुर्ल्यातील विश्वासाचं नाव, १९९८ पासून’. खाली पत्ता: मेन रोड, वेंगुर्ला, ४१६५१६. मोबाईल नंबर होता, नकाशावर खूणही होती. क्रेडिट कार्डावरून २,०४८ रुपये भरले. सकाळी अकराच्या आत फुलं पोचतील असा मेसेज लगेच आला.

फुलं येणार हे आत्याला मी आधीच सांगून ठेवलं होतं, कारण एरवी ती सकाळी देवळात जाते आणि घर बंद असतं. त्या दिवशी ती गेली नाही. निशिगंधासाठी पितळी तांब्या घासून पाणी भरून ठेवला. दुपारची पडलीसुद्धा नाही, दार वाजलेलं ऐकू आलं नाही तर काय म्हणून. संध्याकाळी मला मेसेज आला, ‘तुमची ऑर्डर पोचली आहे’. सोबत एका बंद दाराचा फोटो. ते दार आत्याचं नव्हतंच.

वेबसाईटवरच्या नंबरावर बराच वेळ गाणं ऐकल्यावर एक माणूस हिंदीत बोलायला लागला. वेंगुर्ला कुठल्या जिल्ह्यात आहे हेही त्याला सांगता येईना. बाजारातलं तुमचं दुकान नेमकं कुठे आहे, असं विचारल्यावर तो म्हणाला, ‘लोकेशन रिमोट आहे मॅडम, उद्या नक्की’. आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुडाळहून एक मुलगा मोटारसायकलवरून आला आणि गुच्छ देऊन गेला. आत्याने फोनवर ‘छान आहेत गो फुलं’ एवढंच सांगितलं, मला वाईट वाटू नये म्हणून. शेजारच्या मुलीने फोटो पाठवला तेव्हा कळलं. निशिगंधाची एक काडी नाही. सात-आठ जरबेरा, त्यातल्या काहींच्या माना पडलेल्या, मोजके लाल गुलाब, आणि उरलेली जागा भरायला हिरवा पाला व चमकी मारलेला कागद. कागदाच्या आत एक चिठ्ठी राहिली होती. तिच्यावर कुडाळच्या एका केकच्या दुकानाचा शिक्का होता आणि पेनाने लिहिलं होतं ‘४५०’.

त्या दुकानाचा नंबर मिळवून मी फोन केला. भांडायच्याच तयारीने केला होता, पण दुकानदार सरळ माणूस निघाला. त्याने ऑर्डरचा व्हॉट्सॲप मेसेजच मला पाठवला: ‘मिक्स बुके, ४५० रु., वेंगुर्ला डिलिव्हरीसकट’. तो वाढदिवसाच्या दिवशी रात्री आलेला होता, म्हणजे मला ‘पोचली’ असा मेसेज आल्यानंतर. त्याचं म्हणणं, ‘ताई, निशिगंध म्हणान माका कोणी सांगूकच नाय. आणि आदल्या ऑर्डरींचे पैसे पण अजून येवक नाय’. कुडाळ ते वेंगुर्ला जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर. पेट्रोल आणि मुलाची मजुरी वजा केली तर फुलांना काय उरणार? बिचाऱ्याने साडेचारशेत दिलं ते फार वाईट दिलं असं मी म्हणणार नाही. माझे १,५९८ रुपये मध्येच राहिले, फूल नावाची वस्तू कधी हातातही न धरलेल्या माणसाकडे.

आत्याच्या ओळखीची एक फुलवाली वेंगुर्ल्याच्या बाजारात बसते. आत्याने तिला हे सांगितल्यावर ती म्हणाली, ‘माकाय फोन इल्लो. चारशेत दी म्हणत होते. चारशेत गुलाब खयसून हाडू?’ म्हणजे वेंगुर्ल्यात विचारून झालं होतं, तिथे कुणी तयार झालं नाही, आणि मग कमी पैशांत कोण देतो ते शोधत शोधत ऑर्डर कुडाळला गेली. त्यात एक दिवस गेला.

हा सगळा धंदा असा चालतो. कुठल्या तरी शहरात काही माणसं फोन घेऊन बसतात. प्रत्येक गावाच्या नावाने एक पान तयार करतात आणि शोधल्यावर ते सगळ्यात वर दिसावं म्हणून जाहिरातीला पैसे मोजतात. ऑर्डर आली की मोठा हिस्सा स्वतःकडे ठेवून उरलेल्यात जवळपासच्या दुकानदाराला काम देतात. कुणी मिळालं तर ठीक, नाहीतर ‘पत्ता सापडला नाही’. मी वेबसाईटच्या लिंकमध्ये वेंगुर्ल्याच्या जागी आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगचं नाव टाकून पाहिलं. पान उघडलं आणि तेच वाक्य वर आलं, फक्त १९९८ पासूनचं विश्वासाचं नाव आता आमच्या बिल्डिंगमधलं झालं होतं. कुणालाही दोन मिनिटांत करता येण्यासारखी ही परीक्षा आहे. पैसे भरायच्या आधी जरूर करा.

दुसरी खूण फुलांतच असते, आणि कोकणातल्या माणसाला ती पटकन कळेल. त्या पानावर ट्यूलिप होते, ऑर्किड होते, निळे गुलाब होते. आपल्याकडे गुलाब, जरबेरा, निशिगंध कोल्हापूर-बेळगावकडून घाट उतरून येतात. लहान गावातला दुकानदार लागतील तेवढेच मागवतो, कारण दमट हवेत ते टिकत नाहीत. पावसात घाट बंद झाला की तेही नाही. ट्यूलिप त्याच दिवशी वेंगुर्ल्यात पोचवतो म्हणणाऱ्याने वेंगुर्ला पाहिलेलं नाही, एवढं नक्की समजावं. आणि जे तिथे खरंच मिळतं, त्यातलं एकही फूल त्या पानावर नव्हतं. मार्च हा सुरंगीचा हंगाम. आसोली, आरवलीकडची माणसं पहाटे झाडावर चढून उमलायच्या आत कळ्या काढतात, घरातल्या बायका वळेसार ओवतात आणि बाजारात त्या वासाने माणूस थांबतो. अबोली असते, सोनचाफा असतो. माझ्या आत्याला त्या दिवशी शंभर-दोनशे रुपयांत ओंजळभर सुरंगी घरपोच मिळाली असती.

पैसे परत मागताना आणखी एक गोष्ट घडली, ती जास्त धोक्याची आहे. वेबसाईटवरचा नंबर लागेना म्हणून मी इंटरनेटवर त्यांचा ‘कस्टमर केअर’ शोधला. एक वेगळाच नंबर मिळाला आणि तो लगेच उचलला गेला. समोरचा फार गोड बोलत होता. ‘रिफंड मंजूर झालाय, एक रिक्वेस्ट पाठवतो, यूपीआय पिन टाका की पैसे जमा’. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो. मी फोन ठेवला. पण आधीच चिडलेल्या, दमलेल्या माणसाकडून असा पिन सहज टाकला जातो, आणि हे लोक नेमक्या त्याच माणसाची वाट बघत असतात. कुणाचे असे पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनवर फोन करा. जितका उशीर, तितके ते पैसे पुढच्या पुढच्या खात्यांत जातात.

मूळ वेबसाईटने ईमेलला उत्तर दिलं ते असं: फुलं ‘उपलब्धतेनुसार’ बदलू शकतात हे अटींमध्ये लिहिलं आहे, नाशवंत माल परत घेत नाही, तरी सदिच्छा म्हणून पुढच्या खरेदीवर ५०० रुपयांचं कूपन देतो. हे कूपन घेऊ नका. ते घेतलं की ‘ग्राहकाचं समाधान झालं’ असं म्हणायला त्यांना जागा मिळते. गुलाबी गुलाबांऐवजी दुसऱ्या रंगाचे गुलाब आले असते तर उपलब्धतेचं कारण मी मानलं असतं. इथे ऑर्डरच ‘मिक्स बुके’ अशी पुढे पाठवली होती. तो बदल कोकणातल्या बाजाराने केलेला नाही, त्यांनी स्वतः केला.

ई-कॉमर्सचे २०२० चे नियम यात ग्राहकाच्या बाजूने आहेत. वेबसाईटवर कंपनीचं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव दिसलंच पाहिजे. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. आमच्या ‘दुकाना’च्या पानावर तक्रार अधिकाऱ्याचं नाव कुठेही नव्हतं. बिलावर जीएसटी क्रमांक मात्र होता. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तो टाकला तर दुसऱ्याच राज्यातल्या, दुसऱ्याच नावाच्या कंपनीचा निघाला. राज्य दुसरं आहे हे तर पोर्टल न उघडताही कळलं असतं, कारण महाराष्ट्रात नोंदलेल्या धंद्याचा क्रमांक २७ ने सुरू होतो.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली आणि कार्ड देणाऱ्या बँकेकडे व्यवहारावर लेखी हरकत घेतली. दोन्हीकडे सगळ्यात उपयोगी पडले ते तीन कागद: ऑर्डर करताना घेतलेला पानाचा स्क्रीनशॉट, ‘पोचली’ या मेसेजमधला परक्या दाराचा फोटो आणि कुडाळच्या दुकानदाराने पाठवलेला ४५० रुपयांचा मेसेज. ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर वेंगुर्ल्याला किंवा त्या कंपनीच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. दोन हजारांसाठी कोण एवढं करणार, असं मला घरातच ऐकायला मिळालं. पण दोन हजारांसाठी कुणी काही करत नाही याच्याच भरवशावर हे पान वर्षानुवर्षं उभं आहे.

आता आमच्याकडून फुलं जातात ती त्याच बाजारातल्या फुलवालीकडून. तिची वेबसाईट नाही, साधा फोन आहे, यूपीआय तिचा मुलगा बघतो. आदल्या दिवशी फोन करून ‘उद्या काय येतासा?’ एवढं विचारायचं आणि ती सांगेल त्यातलं घ्यायचं. निघायच्या आधी मुलगा फोटो पाठवतो, मग पैसे. तुमच्या गावात असं कुणी ओळखीचं नसेल तर तिथल्या शेजाऱ्याला, औषधाच्या दुकानाला, रिक्षावाल्याला विचारा. बाजारात फुलं घेऊन कोण बसतं हे गावात सगळ्यांना माहीत असतं. आणि वेबसाईटवर दिलेल्या दुकानाला फोन लावलाच, तर आज तुमच्या समोर कुठली फुलं आहेत आणि तुमचं दुकान देवळापासून कुठल्या बाजूला आहे, हे दोन प्रश्न पैसे भरण्याआधी विचारा.