आपत्कालीन रेडिओ निवडताना: हँडलचा, साध्या सेलचा की शॉर्ट वेव्हचा?

28 एप्रिल 2025 रोजी भर दुपारी स्पेन आणि पोर्तुगालमधली वीज एकाच वेळी गेली, तेव्हा काही तासांतच मोबाइलचे नेटवर्क ठिकठिकाणी अडखळू लागले आणि सेलवर चालणाऱ्या साध्या रेडिओसाठी दुकानांत गर्दी झाली. याचे कारण सरळ आहे. मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या काही तासच टिकतात आणि एका शहरासाठी असे टॉवर शेकड्यांनी लागतात. रेडिओच्या प्रक्षेपण केंद्रात मात्र एक जनरेटर चालू राहिला तरी मोठ्या प्रदेशापर्यंत आवाज पोहोचतो, आणि ऐकणाऱ्याच्या हातातल्या संचाला वॉटच्या दशांशाएवढी वीज पुरते. म्हणून घरात किंवा भटकंतीच्या पिशवीत एखादा रेडिओ असावा, याविषयी फारसा वाद होत नाही. अडचण येते ती कोणता घ्यावा हे ठरवताना, कारण खोक्यावर छापलेली वैशिष्ट्ये आणि प्रत्यक्ष अडचणीच्या वेळी उपयोगी पडणारी वैशिष्ट्ये यांत बरेच अंतर असते.

बाजारातले संच ढोबळमानाने तीन प्रकारांत मोडतात. पहिला प्रकार हँडल, सौर पट्टी, टॉर्च, सायरन आणि मोबाइल चार्ज करण्याची सोय असे सगळे एकत्र देणाऱ्या संचांचा. मिडलँड कंपनीचा ईआर310 आणि कैटो कंपनीचा केए500 ही त्याची ओळखीची उदाहरणे आहेत. दुसरा प्रकार म्हणजे सोनीच्या आयसीएफ-306 सारखा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा, चकती फिरवून स्टेशन लावायचा साधा एएम (म्हणजे मीडियम वेव्ह) आणि एफएम रेडिओ. तिसऱ्या प्रकारात टेकसनच्या पीएल-330 सारखे हाताएवढे डिजिटल संच येतात. ते एफएम आणि मीडियम वेव्हबरोबर शॉर्ट वेव्हही पकडतात, स्टेशने स्मरणात ठेवतात आणि रेडिओ ऐकण्याचा नाद असलेल्यांना विशेष आवडतात.

या तिघांची तुलना कुठून सुरू करावी याबद्दल माझे मत ठाम आहे. आतली बॅटरी पूर्ण उतरली किंवा कायमची निकामी झाली, तर हा संच पुढच्या पाच मिनिटांत पुन्हा बोलू लागेल का, हा प्रश्न आधी विचारावा. बाकीचे सगळे त्यानंतरचे.

याच प्रश्नावर हँडलचे संच बहुतेकांच्या समजापेक्षा कच्चे ठरतात. ट्रेव्हर बेलिस या ब्रिटिश संशोधकाने 1991 मध्ये हाताने चावी देऊन चालणारा रेडिओ बनवला, तेव्हा त्यात बॅटरी नव्हतीच. हाताची मेहनत एका स्प्रिंगमध्ये साठत असे आणि ती सुटताना डायनॅमो फिरत असे. आज ज्यांना हँडलचे रेडिओ म्हणतात त्यांत हँडल फिरवून आतली लिथियम किंवा निकेलची लहान बॅटरी चार्ज होते आणि रेडिओ त्या बॅटरीवर चालतो. कपाटात तीन-चार वर्षे पडून ती बॅटरी मेली असेल, तर अनेक संचांत हँडल कितीही फिरवले तरी तो फिरवेपर्यंत कुरकुरत बोलतो आणि हात थांबताच गप्प होतो, किंवा अजिबात चालू होत नाही. हँडल हा विजेचा स्वतंत्र मार्ग आहे असे वाटत असले, तरी त्याची भिस्त त्या बॅटरीवरच असते.

आता हँडलमधून मिळते किती, तेही पाहू. अशा संचाचा छोटा डायनॅमो सतत फिरवत राहिल्यास साधारण एक ते दोन वॉट वीज देतो. संच एका हातात घट्ट धरून दुसऱ्या हाताने सेकंदाला दोन फेऱ्या या गतीने एक मिनिट फिरवून पाहावे. दुसऱ्याच मिनिटाला मनगट बोलू लागते आणि आतल्या प्लॅस्टिकच्या दातेरी चाकांची घरघर इतकी मोठी असते की रेडिओ चालू असला तरी बातमी नीट कळत नाही. त्या एका मिनिटाच्या कष्टातून, चार्जिंगमधली घट धरून, मंद आवाजात पाच ते दहा मिनिटांचे ऐकणे पदरात पडते. ठरावीक वेळेची बातमीपत्रे ऐकण्यापुरते हे पुरेसे आहे आणि म्हणून हँडल निरुपयोगी नाही. मोबाइलचे मात्र विसरावे. आजच्या मोबाइलच्या बॅटरीत साधारण 15 ते 19 वॉट-तास ऊर्जा मावते (एक वॉट वीज तासभर मिळाली की एक वॉट-तास), म्हणजे दीड वॉटने ती भरायला दहा तासांहून अधिक वेळ हँडल फिरवावे लागेल.

सौर पट्टीचा हिशेब याहून वेगळा नाही. दहा सेंटिमीटर लांब आणि चार सेंटिमीटर रुंद पट्टीवर लख्ख, सरळ उन्हात फार तर चार वॉट ऊर्जा पडते आणि तिच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी वीज हाती येते. 2000 एमएएच (बॅटरीची साठवण मोजायचे एकक) क्षमतेच्या लिथियम बॅटरीत सुमारे 7.4 वॉट-तास मावतात, तेव्हा ती या पट्टीवर भरायला पूर्ण उन्हाचे दोन-तीन दिवस लागतील, आणि ढगाळ हवेत किंवा खिडकीच्या काचेआड त्याहून कितीतरी जास्त. शिवाय संच तासन्‌तास उन्हात ठेवला की आतली बॅटरी तापते आणि तिचे आयुष्य घटते, म्हणजे ज्या कामासाठी पट्टी दिली त्याच कामाने बॅटरीचे नुकसान होते. पट्टी चार्ज टिकवून धरायला मदत करते एवढेच तिचे श्रेय.

साधे सेल या सगळ्यापुढे नीरस वाटतात, पण आकडे त्यांच्या बाजूने आहेत. एए आकाराचे, म्हणजे पेन्सिल सेलच्या मापाचे, दोन चांगले अल्कलाइन सेल मिळून पाच-सहा वॉट-तास देतात. लहान खिशातला रेडिओ मंद आवाजात किंवा इअरफोनवर त्यावर चाळीस-पन्नास तास सहज चालतो आणि सेल संपले की नवे घालायला अर्धे मिनिट लागते. टॉर्च, घड्याळ, रिमोट यांतूनही ते काढून घेता येतात. म्हणूनच बहुउद्देशीय संचांतही मी तेच बरे मानतो, ज्यांत साधे सेल घालण्याची वेगळी जागा आहे. ईआर310 मध्ये 2600 एमएएचच्या बॅटरीशिवाय सहा एए सेल बसतात, केए500 मध्ये तीन. दिसायला अगदी तसेच असणारे अनेक स्वस्त संच मात्र केवळ आतल्या बॅटरीवर अवलंबून असतात आणि त्यांचे झाकणही उघडत नाही. पीएल-330 ची स्थिती मधली आहे. तो साध्या सेलवर चालत नाही, पण त्यातली बीएल-5सी बॅटरी जुन्या नोकिया फोनमध्ये वापरली जाणारीच असल्याने ती सुटी मिळते आणि बदलता येते.

पॉवर बँक जवळ असेल तर रेडिओच्या बॅटरीची एवढी काळजी कशाला, असा प्रश्न येथे रास्त आहे. 10,000 एमएएचच्या पॉवर बँकेत सुमारे 37 वॉट-तास असतात, म्हणजे मोबाइल चार्ज करण्यासाठी कोणत्याही आपत्कालीन रेडिओपेक्षा तीच खरी उपयोगी. तिच्यावर रेडिओ चालवताना दोन अडचणी येतात. काही पॉवर बँका इतकी कमी वीज ओढली जात असल्याचे पाहून काही सेकंदांत स्वतःच बंद होतात. दुसरे म्हणजे त्यांच्यातल्या सर्किटमुळे मीडियम वेव्हवर खरखर येते. तेव्हा आधी रेडिओ चार्ज करून घ्यावा आणि केबल काढून मग ऐकावे.

वीजपुरवठ्यानंतर येते ती स्टेशन पकडण्याची क्षमता, आणि येथे क्रम बदलतो. मीडियम वेव्हसाठी संचाच्या आत फेराइट या चुंबकीय पदार्थाची कांडी हेच एरियल असते आणि ती जितकी लांब तितके स्टेशन स्वच्छ लागते. टॉर्च, डायनॅमो आणि सौर पट्टीने आतली जागा व्यापलेल्या संचात ही कांडी बहुधा आखूड असते, त्यामुळे दूरचे स्टेशन त्यांवर क्षीण येते आणि शेजारच्या स्टेशनात मिसळते. डिजिटल संच या बाबतीत स्पष्टपणे सरस आहेत. कोणत्याही संचावर मीडियम वेव्ह लावताना एरियल ओढत बसण्याऐवजी अख्खा रेडिओ आडव्या पातळीत हळूहळू फिरवावा. एका दिशेला आवाज भरून येतो आणि तिथून काटकोनात गेल्यावर जवळपास नाहीसा होतो, कारण कांडीचे टोक केंद्राकडे झाले की ती लहर पकडत नाही. बाहेर काढायचे एरियल एफएम आणि शॉर्ट वेव्हसाठी असते. एफएमसाठी त्याची योग्य लांबी सुमारे 75 सेंटिमीटर भरते.

भटकंती करणाऱ्याने बँडांचा, म्हणजे लहरींच्या पट्ट्यांचा, विचार अधिक बारकाईने करावा. एफएमची लहर जवळपास सरळ रेषेत जाते, म्हणून डोंगराच्या आडोशाला किंवा खोल दरीत ती हरवते. मीडियम वेव्ह जमिनीला धरून बरीच दूर जाते आणि रात्री वातावरणाच्या वरच्या थरांतून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटरांवरून ऐकू येते, मात्र तेव्हा दूरची दोन-तीन केंद्रे एकमेकांवर चढतात. शॉर्ट वेव्हवर परदेशातले प्रसारण ऐकता येते. ज्या प्रदेशातली सगळीच केंद्रे बंद पडली आहेत तिथे त्याचे मोल मोठे आहे. बीबीसीने 2022 मध्ये युक्रेनसाठी शॉर्ट वेव्हचे प्रसारण मुद्दाम सुरू केले ते याच कारणाने. परंतु तासाभरात येणाऱ्या वादळाची किंवा बंद झालेल्या रस्त्याची बातमी शॉर्ट वेव्हवर मिळणार नाही. दोन-चार दिवसांच्या सहलीसाठी केवळ त्या एका कारणाने महाग संच घेऊ नये.

आपल्या भागात प्रत्यक्ष काय प्रसारित होते, हे न पाहता घेतलेला चांगला रेडिओही वाया जातो. नॉर्वेने 2017 मध्ये राष्ट्रीय केंद्रांचे एफएम प्रसारण बंद केले आणि स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने 2024 च्या अखेरीस तेच केले. अशी केंद्रे ऐकायला डिजिटल प्रसारण पकडणारा डीएबी संच लागतो, जो साध्या एफएमपेक्षा जास्त वीज खातो. खोक्यावर ठळकपणे मिरवणारा हवामान बँड अमेरिकेतल्या हवामान केंद्रांसाठी असून तो 162.400 ते 162.550 मेगाहर्ट्झमधल्या सात वाहिन्यांवर चालतो. तिथे राहणाऱ्यासाठी तो खरोखर मोलाचा आहे, कारण इशारा प्रसारित होताच गप्प असलेला संच आपोआप बोलू लागतो. जिथे अशी केंद्रेच नाहीत, तिथे त्या बटणावर फक्त खरखर ऐकू येते आणि त्यासाठी मोजलेले पैसे व्यर्थ जातात. डिजिटल संचात आणखी एक बारकावा पाहावा लागतो. मीडियम वेव्हची स्टेशने अमेरिका खंडांत 10 किलोहर्ट्झच्या आणि इतरत्र 9 किलोहर्ट्झच्या अंतराने असतात. संच चुकीच्या मांडणीवर राहिला तर आपोआप शोध घेताना निम्म्याहून अधिक स्टेशने निसटतात आणि रेडिओच सदोष आहे असा गैरसमज होतो. चकतीच्या साध्या रेडिओला हा प्रश्नच पडत नाही.

वजन आणि पाणी यांबद्दल थोडक्यात. हँडलचा संच पाठीवर चांगलाच जाणवतो, खिशातला साधा रेडिओ जाणवत नाही. पाण्यापासून बचावाच्या मानांकनात आयपीएक्स4 म्हणजे शिंतोडे सोसणारा आणि आयपीएक्स7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तगणारा. पण बहुतेक रेडिओंना यातले कोणतेच मानांकन नसते आणि झिप असलेली प्लॅस्टिकची पिशवी ते काम करते. पिशवीतूनही रेडिओ व्यवस्थित ऐकू येतो. सायरन, होकायंत्र, वाचनाचा दिवा यांच्यासाठी एक गुणही देऊ नये. आणि हे सगळे संच फक्त ऐकण्याचे आहेत. मदतीची हाक देण्यासाठी वॉकी-टॉकी किंवा उपग्रहावर चालणारे साधन वेगळे लागते, त्याचे नियमही वेगळे असतात.

तेव्हा निवड अशी. घरात वीज जाण्याची भीती हे मुख्य कारण असेल आणि संच एका जागी राहणार असेल, तर हँडल असलेला पण साधे सेल घेणारा बहुउद्देशीय संच घ्यावा. त्याचा मोठा स्पीकर चार माणसांना ऐकू येतो आणि टॉर्चही कामी येते. केवळ भटकंतीसाठी दोन सेलचा खिशातला रेडिओ आणि सोबत सेलची एक जादा जोडी यांना तोड नाही. दोन्हींसाठी एकच संच घ्यायचा असल्यास मी तोच घेईन आणि वाचलेल्या पैशांची पॉवर बँक घेईन. जो माणूस एरवीही रेडिओ ऐकणार आहे, त्याने डिजिटल बहुबँड संच घ्यावा, कारण नेहमी हाताळला गेलेला संचच अंधारात चटकन लागतो. नवख्या माणसाला त्याची बटणे कंदिलाच्या उजेडात उमगत नाहीत.

कोणताही संच आणला तरी अल्कलाइन सेल त्यात घालून ठेवू नयेत. वर्षा-दोन वर्षांनी ते पाझरतात, स्प्रिंगवर पांढरी बुरशीसारखी पूड जमते आणि संपर्क गंजून जातो. ते बाजूला, मूळ वेष्टनात ठेवावेत. कडाक्याच्या थंडीत जाणाऱ्यांनी किंवा सेल संचातच ठेवायचे असल्यास लिथियमचे, चार्ज न होणारे एए सेल घ्यावेत. ते महाग असतात, पण पाझरत नाहीत आणि शून्याखाली बऱ्याच खालपर्यंत काम देतात. आतली लिथियम बॅटरी असलेला संच अर्धा चार्ज करून थंड जागी ठेवावा आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा पाहावा. बॅटरी काढल्यावर काही डिजिटल संचांतली लक्षात ठेवलेली स्टेशने पुसली जातात, म्हणून आपल्या भागातल्या चार-पाच केंद्रांच्या फ्रिक्वेन्सी आणि बातम्यांच्या वेळा एका चिठ्ठीवर लिहून ती संचाच्या मागे चिकटपट्टीने लावून टाकावी.