याउआचा, बीकेसी : आईला घेऊन डिमसम खायला गेलो तेव्हा

आईला मुंबईत बीकेसीच्या (वांद्रे-कुर्ला संकुल) याउआचा या चायनीज रेस्टॉरंटला डिमसम, म्हणजे टोपलीतून येणारे वाफवलेले छोटे छोटे पदार्थ, खायला न्यायचं हे दोन वर्षं माझ्या डोक्यात होतं, पण चायनीज म्हटलं की ती आधीच हात वर करायची, कारण तिच्या लेखी चायनीज म्हणजे स्टेशनबाहेरची गाडी, लालभडक मंचुरियन आणि दुसऱ्या दिवशी बसलेला घसा. त्यात ती शुद्ध शाकाहारी. शेवटी तिच्या पासष्टीला मी, नवरा आणि भाचा असे तिघं मिळून तिला घेऊन गेलोच. माझी स्वतःची ही तिसरी खेप, पण खरं सांगायचं तर आधीच्या दोन वेळा मी काय खाल्लं ते मला या वेळी आईमुळे कळलं, म्हणून लिहितेय.

आधी थोडी माहिती. याउआचा मूळ लंडनचं, अ‍ॅलन याउ यांनी २००४ मध्ये सोहोमध्ये सुरू केलं, पुढच्याच वर्षी त्याला मिशलिन स्टार (रेस्टॉरंटांना मिळणारा मोठा मान) मिळाला. मुंबईत ते २०११ च्या शेवटी रहेजा टॉवर्समध्ये आलं. जागा एकदम झकास, आणि किचन उघडं आहे, डिमसम करणारे लोक समोर दिसतात. हे महत्त्वाचं, कारण आई बसल्या बसल्या मेन्यू बाजूला ठेवून तिकडेच बघत राहिली.

पहिली आली एडमामे ट्रफल डंपलिंग. एडमामे म्हणजे कोवळे हिरवे सोयाबीन, त्याचं मऊ सारण, वरून ट्रफलचा वास (जमिनीखाली वाढणाऱ्या अळंबीचा हा प्रकार, वास खूप उग्र पण छान) आणि बाहेरची पारी इतकी पातळ की आतला हिरवा रंग आरपार दिसतो. आईने चमच्यात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि वाढणाऱ्या मुलाला विचारलं, "बाळा, ही पारी तांदळाची नाही ना रे?" मुलगा मराठी निघाला. म्हणाला, नाही काकू, अशा पारदर्शक पारीला गव्हाचा स्टार्च घेतात, उकळतं पाणी घालून मळतात. आई लगेच म्हणाली, "म्हणजे कुरडईचा चीकच की!"

मी गार. खरंच तेच आहे ते. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, गाळायचे, वरचं पाणी ओतून टाकलं की खाली जो पांढरा चीक बसतो तो म्हणजे गव्हाचा स्टार्च, आणि त्यावर उकळतं पाणी घालून गरम गरम मळणं म्हणजे आपली उकड काढणं. ग्लुटेन, म्हणजे गव्हातला चिवट भाग, निघून गेलेलं असतं म्हणून पीठ कणकेसारखं ताणलं जात नाही, हात जरा जड पडला की फाटतं, म्हणून ते काम कसबाचं. कॅन्टनीज (दक्षिण चीनमधल्या) लोकांच्या हार गावला, म्हणजे अशाच पारीत कोळंबी भरलेल्या डंपलिंगला, निदान सात चुण्या तरी हव्यात, दहाच्या वर असतील तर उत्तम असं मानतात. आईच्या मोदकाला अकराच्या खाली कळ्या आल्या तर ती तो मोदक नैवेद्याच्या ताटात ठेवत नाही. त्यामुळे नवऱ्याने मागवलेल्या हार गावच्या चुण्या तिने न खाताच मोजल्या. बारा होत्या. "हात चांगला आहे हो," म्हणाली. आईकडून हे ऐकायला मला लग्नानंतर सहा गणपती लागले होते.

मग चुंग फन. तांदळाचं पातळ सरबरीत पीठ ट्रेमध्ये ओतून वाफवतात आणि त्याची घडी करून सारण गुंडाळतात. कोकणातल्या कुणालाही हे खाताना पातोळ्याच आठवतील, फक्त हळदीचं पान नाही आणि गूळखोबरं नाही. आम्ही शाकाहारीत तीन प्रकारच्या मशरूमचं घेतलं आणि नवऱ्या-भाच्यासाठी कोळंबी आणि कुरकुरीत बीनकर्डचं, म्हणजे बाहेर लुसलुशीत तांदळाचा पदर आणि आत सोयाच्या दुधाच्या सायीचं कुरकुरीत कवच. भाच्याने एक प्लेट एकट्याने संपवली आणि दुसरी मागवली, मी काही बोलले नाही.

मुळ्याचा केक पण घ्या. नावाला केक, पण किसलेला मुळा आणि तांदळाचं पीठ एकत्र वाफवून मग वड्या परततात, अगदी कोथिंबीर वडीची रीत. मुळ्याचा उग्रपणा राहत नाही.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, नाव घेत नाही. गेल्या दिवाळीत पुण्यात एका अशाच चकाचक चायनीज जागी गेलो होतो, झुंबरं, भिंतीवर ड्रॅगन, वेटरच्या कानात मायक्रोफोन. डिमसमची बांबूची टोपली आली ती कोमट, पारी टोपलीला चिकटलेली, उचलली की फाटून सारण खाली. हे गार झालं की संपलं हो, स्टार्चची पारी गार होताना कडक आणि रबरासारखी होते, मोदक पण तुपासोबत गरमच खातो ना आपण. परत पाठवली तर मायक्रोवेव्ह करून आणली! वर बिलात न विचारता दहा टक्के सर्व्हिस चार्ज. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ लाच सांगितलंय की हा आपोआप लावता येत नाही, मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं, तरी लोक लावतात आणि आपण भिडेखातर देतो. मी काढायला लावला, तुम्हीही लावा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

याउआचाला प्रत्येक टोपली झाकण उघडताना वाफ चेहऱ्यावर येईल अशी आली, आणि एकदम सगळ्या न आणता एक संपत आली की दुसरी. डिमसमसाठी मला एवढंच हवं असतं. शाकाहारीसाठी काय चालेल, कशात ऑयस्टर सॉस (शिंपल्यांचा) आहे, हे त्या मुलाने एकेका पदार्थाचं न कंटाळता सांगितलं. आईला हॉटेलात हे विचारायला नेहमी संकोच वाटतो, इथे नाही वाटला.

चहा जास्मिनचा घेतला. डिमसम खायला जाणं याला कॅन्टनीजमध्ये यम चा म्हणजे 'चहा पिणं'च म्हणतात, म्हणजे चहा मुख्य. कुणी कपात चहा ओतला की दोन बोटं टेबलावर हलकेच टकटक करून आभार मानायचे, आणि किटलीत पाणी हवं असेल तर झाकण जरा सरकवून ठेवायचं. भाच्याने हे आजीला शिकवलं आणि ती पुढचा तासभर टकटक करत होती.

मेन कोर्सपर्यंत पोट भरलेलं, एक भात आणि शतावरीची एक भाजी चौघांत पुरली. गोडाला रास्पबेरीचं एक आणि पुढच्या काउंटरवरचे मॅकरॉन. चौघांचे नऊ हजारांच्या आसपास झाले, म्हणजे ही महिन्याला जायची जागा नाही, वाढदिवसाची आहे.

जाणार असाल तर शनिवार-रविवारी आधी टेबल बुक करा, आणि मोठ्या डिशेसऐवजी डिमसमच जास्त मागवा, दोन-दोन टोपल्या करून. किचन दिसेल असं टेबल मागा. निघताना आई त्या काउंटरपाशी उभी राहून एका मुलीचा हात बघत होती, चमच्यासारख्या पट्टीने सारण भरून अंगठ्याने चुणी सारत होती ती. घरी आल्यावर आईने मावशीला फोन लावला आणि पहिलं वाक्य, "अगं, चीक शिल्लक आहे का तुझ्याकडे?"