बुलेटच्या फोर्क पाईपमध्ये ९,२०० रुपयांना गंडलो

पाईपच्या जोडीचे ७,८००, कुरिअरचे ६४०, नव्या ऑइल सीलचे ३६० आणि लेथवाल्याचे तपासणीचे ४००. एकूण ९,२०० रुपये पाण्यात. हातात काय राहिलं, तर जुन्या कास्ट आयर्न इंजिनच्या बुलेटचे म्हणून विकलेले दोन चकचकीत फोर्क पाईप, म्हणजे पुढच्या शॉकच्या नळ्या. त्यातला एक वाकलेला होता आणि ठोकून सरळ केलाय. दुसऱ्याचं वरचं टोक तिसऱ्याच कुठल्या तरी पाईपचं कापून वेल्ड केलंय. लिहितानाही लाज वाटते, कारण फोर्कमधलं काही कळत नाही अशातला मी नाही. पण तोच माणूस अजून माल विकतोय, म्हणून लिहितोय.

जुन्या बुलेटचा पाईप ३५ मिमीचा, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि फसवणारा नेमका त्या आकड्यावरच जगतो. "३५ आहे ना, मग बसणारच" असं तो म्हणतो आणि आपणही मान हलवतो. पण ३५ हा फक्त व्यास झाला. जुन्या बुलेटला बाकीच्या गाड्यांसारखी वरची टी, म्हणजे दोन्ही पाईप धरून ठेवणारा आडवा तुकडा, नसते. पाईपच्या वरच्या टोकाला आटे असतात आणि ते टोक थेट हेडलाइटच्या कास्केटमध्ये, म्हणजे हेडलाइटच्या घरात, फिरवून बसतं. खाली टीमधला पिंच बोल्ट पाईप आवळतो. म्हणजे पाईप घेताना तीन जागा महत्त्वाच्या: वरचे आटे, टीची पकड येते तो पट्टा, आणि ऑइल सील ज्यावरून वरखाली होतं तो पट्टा. या तिन्ही जागांचं माप आणि फोटो वेगवेगळे मागायचे. एकाच जागेचा फोटो आला तर व्यवहार तिथेच सोडा.

बॉटमचंही, म्हणजे पाईप ज्यात सरकतो त्या खालच्या भागाचंही, तसंच. ड्रमच्या गाडीच्या बॉटमवर ब्रेक प्लेट फिरू नये म्हणून अडकण असते, डिस्कच्या बॉटमवर कॅलिपरचे कान असतात. एकाच्या जागी दुसरा "थोडं घासून" बसवून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा. आणि २०१२ नंतरच्या थंडरबर्डचे ४१ मिमीचे पाईप जुन्या टीमध्ये बसवायला टी बोअर करून देणारे लोकही आहेत. सहा मिमीने भोक वाढवल्यावर टीच्या भिंतीत मटेरिअल उरतंच किती? त्या टीवर आख्ख्या गाडीच्या पुढच्या चाकाचा भार आहे.

जाहिरातीत लिहिलं होतं: "ओरिजिनल जुना स्टॉक, क्रोम एक नंबर, जोडी." चौदा फोटो होते. बोलण्यात टी, कोन सेट, बुश, डस्ट सील सगळे शब्द बरोबर. भाव फार स्वस्तही नव्हता, आणि म्हणूनच संशय आला नाही. चार हजारांत जोडी देतो म्हणाला असता तर मी फोनच ठेवला असता. ४,००० आगाऊ आणि उरलेले ४,४४० पाठवण्याआधी, असं ठरलं. सगळं यूपीआयने.

आता ती जागा, जिथे मला थांबायला हवं होतं. मी मापाचा व्हिडिओ मागितला. आला. अकरा सेकंदांचा. लाल फरशी, त्यावर पाईप, डिजिटल व्हर्निअर, म्हणजे जाडी मोजायचं माप, आधीच पाईपवर लावलेला, स्क्रीनवर ३४.९७. व्हर्निअरचे जबडे मिटून शून्य दाखवलेलं नाही. म्हणजे तो आकडा कुठूनही आणता येतो, झीरोचं बटण मध्येच दाबलं की झालं. शिवाय माप घेतलं ते पाईपच्या अगदी वरच्या भागात, टीच्याही वर, जिथे कधी झीज होतच नाही आणि पॉलिशवालाही फारसा हात लावत नाही. आणि वरच्या टोकाला हिरवी टेप गुंडाळलेली! मी विचारलं, आटे दाखवा. तर म्हणाला, "दादा, आट्यांना मार लागू नये म्हणून पॅक केलंय, डोळे झाकून बसवा." ती टेप त्या क्षणी सोडायला लावायला हवी होती. एक मिनिटाचं काम. वर्षानुवर्षं लोकांना सांगत आलोय की आटे बघितल्याशिवाय बुलेटचा पाईप घेऊ नका, आणि स्वतः हिरव्या टेपकडे बघत पैसे पाठवले. तो शब्दांत पक्का होता, फोटो भरपूर होते, दुसऱ्या गिऱ्हाइकाचा फोन येतोय असं म्हणत होता, हे सगळं खरं. तरी ती टेप दिसत होती, हेही खरंच.

पार्सल आल्यावर टेप सोडली. आटे बरे वाटले. मग एका पाईपच्या एका टोकाला टॉर्च लावला आणि दुसऱ्या टोकातून आत बघितलं. वरून साधारण दोन बोटं खाली आत गोल काळपट कडं दिसलं. बोटाने चाचपलं तर पायरी लागते, कड्याच्या वरचा पत्रा जाड, खालचा पातळ. आटे गेलेल्या पाईपचं टोक कापून, दुसऱ्याचं चांगलं टोक जोडून, बाहेरून घासून वर क्रोम मारलंय. बाहेरून शिवण अजिबात दिसत नाही. आतून मात्र कुणी साफ करत नाही, कारण आत कुणी बघत नाही. म्हणून आधी आत बघायचं.

दुसरा पाईप. टीच्या वर ३४.९६, सीलच्या पट्ट्यात ३४.७१. म्हणजे पाव मिलिमीटर गायब. गंजाचे खड्डे पडलेला पाईप नीट दुरुस्त करायचा तर जुनं क्रोम काढून, ग्राइंड करून, जाड हार्ड क्रोम चढवून परत मापाला ग्राइंड करावा लागतो. ते खर्चाचं काम. इथे एमरीने खड्डे उतरवले आणि वर दागिन्यासारखा शोभेचा पातळ थर दिला. असा थर सीलच्या घासण्यासमोर टिकत नाही. त्याचे पापुद्रे सुटतात, सीलची कड कापतात आणि महिन्याभरात ऑइल ब्रेकवर उतरतं. मग आपण सीलवाल्याला शिव्या देतो. नखाने कडेला खरवडून बघा, पापुद्रा उठला तर माल परत.

शिवाय तोच पाईप वाकडा होता. जाड काचेवर लोळवला तर एका जागी खालून उजेड दिसला. लेथवाल्याने व्ही आकाराच्या खाचेत ठेवून, फिरवत, बाक मोजणारा डायल लावला, काटा ०.४ मिमी फिरला. लक्षात घ्या, काटा जितका फिरतो त्याच्या निम्मा बाक असतो. होंडाच्या जुन्या मॅन्युअलमध्ये बाकाची मर्यादा ०.२० मिमी असायची, मी बुलेटलाही तीच लावतो, म्हणजे हा पाईप अगदी मर्यादेवर. बाक होता नेमका खालच्या टीच्या खाली. समोरून धडक बसली की पाईप तिथेच वाकतो. प्रेसवर सरळ केलेला पाईप तिथेच पुन्हा दुमडतो, आणि तो दुमडतो चालत्या गाडीत. बारीक तडे दाखवणारं डाय पेनिट्रंट मारून घेतलं: आधी क्लीनर, मग लाल रंग, दहा मिनिटं थांबून पुसला, वर पांढरा डेव्हलपर. टीखाली पांढऱ्यावर तीन केसासारख्या लाल रेघा उमटल्या, पाईपभोवती आडव्या. हा पाईप मी कुणाला फुकटही देणार नाही.

विक्रेत्याला मापांचे फोटो पाठवले. "दादा, तुमचा व्हर्निअर चुकतोय." मग "कुरिअरमध्ये वाकला असेल." मग नंबर ब्लॉक. कुरिअरमध्ये वेल्डिंग पण झालं का, हे विचारायला फोन लागला नाही.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात तीन चकरा. पहिल्यांदा: "सामान मिळालं ना तुम्हाला? मग फसवणूक कसली?" दुसऱ्यांदा पाईप, टॉर्च, व्हर्निअर सगळं घेऊन गेलो. पाव मिलिमीटर म्हणजे किती हे दाखवा म्हणाले, दाखवलं, तर म्हणाले एवढ्याने काय होतं. टेबलावर पाईप आडवा धरून आतलं कडं दाखवत होतो आणि साहेब मोबाईल बघत होते. तिसऱ्यांदा: हा दिवाणी मामला आहे, आणि माणूस दुसऱ्या जिल्ह्यातला, तिकडे जा. खोटं सांगून माल विकून पैसे घेणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मधली फसवणूक आहे. दखलपात्र गुन्हा कुठेही घडलेला असो, खबर कोणत्याही ठाण्यात द्यायची सोय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. हे कागदावर लिहून नेलं होतं. कागद हातात घेतला, वाचला नाही, परत दिला. माझ्या अर्जावर पोच देताना शिक्का सापडत नव्हता.

बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. कुरिअरवाला म्हणाला, खोका फुटलेला नव्हता. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आपल्याच जिल्ह्यात दाखल करता येतं, मुदत दोन वर्षांची. पण तिथे समोरच्याचा पत्ता लागतो. फोन नंबर एकाच्या नावावर, खातं दुसऱ्याच्या, कुरिअरच्या पावतीवर तिसरंच नाव. पत्ता काढू शकतात ते पोलीस, आणि ते म्हणतात दिवाणीत जा. दिवाणीत गेलं की म्हणतात पत्ता आणा. ९,२०० रुपयांसाठी माणूस किती फिरेल हे या सगळ्यांना ठाऊक आहे, विकणाऱ्याला तर सगळ्यात जास्त. पैसे घेऊन माल पाठवलाच नाही असं झालं तर मात्र एक मिनिट न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, रक्कम पुढे सरकायच्या आत.

पैसे देण्याआधी व्हिडिओ कॉलच मागा, पाठवलेला व्हिडिओ नको. त्यात व्हर्निअर मिटून शून्य, मग पाईपवर तीन जागी, प्रत्येक जागी पाईप एक चतुर्थांश फिरवून परत. आतून टॉर्च. आटे ब्रशने पुसून. हे करायला दहा मिनिटं लागत नाहीत, आणि नाही म्हणणाऱ्याकडे कारण असतं. पार्सल उघडताना न थांबवता चित्रीकरण करा, लेबलपासून सुरुवात. जमलं तर पुण्याच्या नाना पेठेत किंवा तुमच्या गावच्या दुकानात जाऊन हातात घेऊनच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी.

पाईप बसवताना स्प्रिंग न घालता बॉटम आधी हाताने वरखाली करून बघा. कुठेही अडकला तर पुढे जाऊ नका. एक्सलच्या कॅप आधी सैल ठेवा, गाडी दोन-चार वेळा दाबा, मगच आवळा. टीचे पिंच बोल्ट त्यानंतर. पाईप सोडवताना क्रोमवर पाईप पाना लावू नका, टीची खाच किंचित फाकवली की तो वरून फिरतो.

गेल्या आठवड्यात जाहिरात परत आलीय, नाव वेगळं, भाव आता ८,२००. व्हिडिओ मात्र तोच: लाल फरशी, अकरा सेकंद, ३४.९७, वरच्या टोकाला हिरवी टेप.