देखाव्यासाठी काय निवडावे: कर्णाची कवचकुंडले की स्यमंतक मणी?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील ज्या मंडळांना यंदा गणपतीपुढे पौराणिक देखावा करायचा आहे, त्यांच्या बैठकीत दिव्य अलंकारांचे हे दोन विषय हमखास निघतात.

तिथीचा विचार केला तर पहिला मान स्यमंतकाचा. चतुर्थीचा चंद्र पाहिल्याने श्रीकृष्णावर मणी चोरल्याचा आळ आला, ही कथा घरोघरी ठाऊक आहे. सूर्याने सत्राजिताला दिलेला हा मणी रोज आठ भार (भार हे जुने वजनमाप) सोने देई. तो गळ्यात घालून शिकारीला गेलेल्या प्रसेनाला, म्हणजे सत्राजिताच्या भावाला, सिंहाने मारले, सिंहाला जांबवंताने मारले आणि भागवतानुसार मण्यासाठी श्रीकृष्ण गुहेत 28 दिवस झुंजला. एवढे दाखवायचे म्हणजे अरण्य, गुहा, घोडा, सिंह आले. वर्गणी बेताची असेल तर ते झेपत नाही. तरीही त्यातला एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो: गुहेतली दाई जांबवंताच्या बाळाला समजावते, ‘सुकुमारा, रडू नकोस, हा स्यमंतक तुझाच आहे.’ ज्याच्यापायी प्रसेनाचा जीव गेला, ते तिथे तान्ह्याचे खेळणे झालेले असते.

सौंदत्तीच्या रेणुकेच्या बांगड्यांचा विषयही काही जण सुचवतात. रांडाव पुनवेला (देवीच्या वैधव्याची पौर्णिमा) उतरणाऱ्या आणि आहेव पुनवेला (तिच्या सौभाग्याची पौर्णिमा) पुन्हा भरल्या जाणाऱ्या त्या बांगड्या हा बायकांच्या जित्या श्रद्धेचा भाग आहे; तो मंडपात मांडू नये.

कर्णाला दोनच पात्रे पुरतात. वनपर्वात सूर्य त्याला स्वप्नात आधीच सावध करतो, तरी ब्राह्मणवेषातल्या इंद्राला तो विन्मुख पाठवत नाही. जन्मजात कवच स्वतःच्या हाताने अंगावरून कापून, रक्ताने ओले असतानाच, इंद्राच्या हाती देतो. बदल्यात मिळालेले शक्ती हे अस्त्र एकदाच चालणारे, तेही पुढे घटोत्कचावर खर्ची पडते. शिवाय आपल्याकडे देखावे पाहायला मराठी आणि कन्नड अशी दोन्ही घरे येतात, आणि महाभारतात कुणाला आठवायचेच तर कर्णाला आठवा, असे दहाव्या शतकातल्या पंपकवीने कन्नडमध्ये सांगून ठेवले आहे.

जागा मोठी आणि हाताशी माणसे असतील तर स्यमंतक करावा. गल्लीतल्या मंडपासाठी मी कर्णच सुचवेन. फक्त कवच नाड्यांनी बांधलेल्या पत्र्याचे करू नये. ते त्वचेतूनच उगवलेले दिसले पाहिजे, नाहीतर त्याने काय कापून दिले ते पाहणाऱ्याला कळणार नाही.