सुपरहिरोंचे चित्रपट की त्यांचेच मोबाइल गेम: महिन्याचे हजार रुपये कुठे घालवावेत?

घणसोलीला राहणाऱ्या माझ्या भाच्याला बारावीची परीक्षा संपल्यापासून घरून महिन्याला हजार रुपये मिळू लागले आहेत, आणि ते हाती येताच त्याने मला फोन करून विचारले, 'मामा, यात सिनेमे बघू की गेमचा पास घेऊ?' (पास म्हणजे गेममधली जादा बक्षिसे मिळवण्यासाठी दर हंगामाला भरायचे पैसे.) हा प्रश्न त्याने मलाच विचारावा यात नवल नाही. २००८ मध्ये मार्व्हल या अमेरिकी कंपनीचा 'आयर्न मॅन' हा चित्रपट आला तेव्हापासून मी या सुपरहिरो मंडळींचा भक्त आहे आणि ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने कामाला जाता-येता त्यांचेच गेम खेळत आलो आहे. फोनवर दिलेले उत्तर अर्धवट होते. त्याच्यासारख्याच पेचात असलेल्या इतरांनाही उपयोग व्हावा म्हणून ते येथे सविस्तर मांडतो.

आधी पैशांचे बघू. शनिवारी संध्याकाळी घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा वाशी स्टेशनाजवळच्या मॉलमध्ये गेल्यास तिकिटाला साधारण चारशे रुपये पडतात, पॉपकॉर्न घेण्याचा मोह झाला तर जवळपास तेवढेच आणखी जातात, आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळचा खेळ गाठला तर तिकीट निम्म्यावर येते. हा खर्च कमी नाही. पण तो घरातून निघण्यापूर्वी कळलेला असतो आणि चित्रपट संपला की तोही संपतो. मोबाइल गेम मात्र उतरवून घ्यायला फुकट असतो. पहिले आठ-दहा दिवस तो इतकी बक्षिसे देतो की आपणच त्याचे देणेकरी आहोत असे वाटू लागते, आणि मग एके दिवशी एखाद्या पात्राचा पोशाख ८९ रुपयांना समोर येतो. यूपीआयचा पिन टाकायला चार सेकंद लागतात. आठ वेळा पिन टाकला की सातशेच्या वर रक्कम जाते, परंतु मनात त्याची नोंद 'काही फार नाही, ऐंशी-नव्वद रुपये' अशीच राहते.

यातला माझा अनुभव फारसा गौरवास्पद नाही. काही वर्षांपूर्वी इमारतींच्या गच्च्यांवरून धावण्याच्या एका गेममध्ये मी दीड वर्षात मिळून दोन हजार सहाशे रुपये घातले आणि त्या बदल्यात माझ्याकडे चौदा पोशाख जमा झाले. पुढे एका सकाळी गेम उघडल्यावर पडद्यावर सूचना आली की अमुक तारखेपासून सेवा बंद होत आहे. त्या तारखेनंतर ते चिन्ह दाबले की काळा पडदा येई आणि पुन्हा मुख्य पानावर नेऊन सोडी. चित्रपटाच्या जुन्या तिकिटाचा तुकडा निदान पाकिटात राहतो; त्या चौदा पोशाखांचे माझ्याकडे काहीही उरले नाही. गेममध्ये आपण वस्तू विकत घेत नसून गेम चालू असेपर्यंत ती भाड्याने घेतो, हे मला तेव्हा समजले. हा धोका एकट्या लहान गेमपुरता नाही. पबजी मोबाइल या लढाईच्या गेमवर २ सप्टेंबर २०२० रोजी भारतात बंदी आली, त्याची भारतीय आवृत्ती बीजीएमआय जुलै २०२१ मध्ये आली, जुलै २०२२ मध्ये तीही ॲपच्या दुकानांतून काढली गेली आणि मे २०२३ मध्ये परतली. मार्व्हल स्नॅप हा पत्त्यांचा गेम जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत टिकटॉकसोबतच काही काळ बंद पडला, कारण दोघांचा संबंध एकाच चिनी कंपनीशी होता. खेळणाऱ्यांचा यातल्या कशातही काही दोष नव्हता.

पैशांपेक्षा वेळेचा हिशेब मला अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि त्यातही एकच कसोटी सर्वांत उपयोगी वाटते: समोरची गोष्ट संपते का, आणि संपल्यावर आपल्याला उठू देते का?

'ॲव्हेंजर्स: एंडगेम' २६ एप्रिल २०१९ रोजी आपल्याकडे लागला तेव्हा आम्ही पाच जण ठाण्यातल्या पहाटेच्या खेळाला गेलो होतो. चित्रपट १८१ मिनिटांचा; मध्यंतर आपल्या पद्धतीप्रमाणे मध्येच कुठेतरी कापून घातलेले. लायक माणसालाच उचलता येणारा थॉरचा हातोडा कॅप्टन अमेरिकाच्या हातात आला तेव्हा सभागृहात जो गदारोळ झाला त्यात पुढचे दोन-तीन संवाद कोणालाही ऐकू आले नाहीत आणि त्याबद्दल कोणाची तक्रारही नव्हती. शेवटी नावांची लांबलचक यादी सुरू झाली, तरी सवयीप्रमाणे कोणी उठेना, कारण 'आयर्न मॅन'पासूनच्या अकरा वर्षांत मार्व्हलच्या या चित्रपटमालिकेने प्रेक्षकांना यादीनंतरच्या दृश्यासाठी बसून राहायला शिकवले होते. या वेळी दृश्य आलेच नाही. काळ्या पडद्यावर केवळ लोखंडावर घण पडल्याचे काही ठोके ऐकू आले. 'आयर्न मॅन' या पहिल्या चित्रपटातील गुहेत त्याच्या नायकाने, टोनी स्टार्कने, स्वतःचे पहिले चिलखत घडवले होते, त्याचीच ती आठवण. मग दिवे लागले. माझ्या शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थांनी 'संपलं' एवढेच म्हटले आणि ते चपला शोधू लागले. हे 'संपलं' कोणत्याही मोबाइल गेमने मला आजवर म्हणू दिलेले नाही.

तरीही गेमची बाजू येथे नीट मांडली नाही तर अन्याय होईल, कारण एक डाव म्हणून पाहिले तर मार्व्हल स्नॅपइतकी आटोपशीर गोष्ट चित्रपटांतही क्वचित सापडते. बारा पत्त्यांची गड्डी, तीन ठिकाणे, सहा फेऱ्या. तीनपैकी दोन ठिकाणी ज्याचे बळ जास्त तो जिंकला. दोन्ही खेळाडू आपापली पाने एकाच वेळी उतरवतात, त्यामुळे समोरच्याची वाट पाहत बसावे लागत नाही आणि डाव तीन-चार मिनिटांत निकाली निघतो. ठाणे ते वाशी या अर्ध्या तासात, उभे राहायला नीट जागा मिळाली असेल तर, सहज पाच-सहा डाव होतात. गेल्या पावसाळ्यातला एक डाव मला अजून आठवतो. गाडी रबाळे सोडत होती आणि समोरच्याने मधल्या ठिकाणी उघडताक्षणी परिणाम करणारी तीन पाने रचून ठेवली होती. शेवटच्या फेरीत तो तेथे ओडिन हे पान टाकून त्या तिन्हींचा परिणाम पुन्हा घडवणार, हे स्पष्ट दिसत होते. माझ्या हातात कॉस्मोचे पान होते, म्हणजे अंतराळवीराचा पोशाख घातलेला तो कुत्रा, जो ज्या ठिकाणी बसतो तेथे उघडताना होणारे परिणाम होऊच देत नाही. पाचव्या फेरीला मी तो मधोमध ठेवला. समोरच्याने दोन सेकंद विचार केला आणि डाव सोडून दिला. घणसोली यायच्या आत माझा दिवस सार्थकी लागला होता.

त्याने डाव सोडला हीच या खेळातली सर्वांत शहाणपणाची सोय आहे. हार दिसू लागली की माघार घेता येते आणि थोडक्या नुकसानावर भागते; उलट विजयाची खात्री वाटली तर 'स्नॅप' करून डावाची किंमत दुप्पट करता येते. कधी उठावे हे कळणे हेच येथे कौशल्य मानलेले आहे. दुर्दैव असे की डावाच्या बाहेर हाच गेम नेमके उलटे शिकवतो. रोजची कामगिरी, दर महिन्याचा नवा हंगाम, त्याचा पास आणि तो संपण्याआधी पूर्ण करायच्या पायऱ्या यांना कोणतीही सहावी फेरी नसते. मी स्वतः रात्री साडेअकराला अंथरुणात पडून, खेळण्याची जराही इच्छा नसताना, त्या दिवसाची बक्षिसे बुडू नयेत म्हणून तीन डाव उरकले आहेत. त्याला करमणूक म्हणणे कठीण आहे.

मार्व्हल कॉन्टेस्ट ऑफ चॅम्पियन्स हा २०१४ पासून चालू असलेला गेमही याच मापाने मोजावा. त्यातील मारामारी अस्सल आहे: समोरच्याचा घाव येताक्षणी अडवला की तो क्षणभर सुन्न होतो आणि तेवढ्यात आपले चार फटके बसतात; हे अंगठ्यांना नीट जमायला मला महिनाभर लागला आणि जमले तेव्हा सायकल शिकल्याचा आनंद झाला. पण नवे पात्र हवे असेल तर बंद स्फटिक फोडावे लागतात आणि आत कोण निघेल हे नशिबावर असते. अशा सोडतींमध्ये काय निघण्याची शक्यता किती हे जाहीर करण्याची सक्ती ॲपलने डिसेंबर २०१७ पासून केली आहे. ते आकडे एकदा शांतपणे वाचावेत, एवढेच सुचवतो.

आता चित्रपटांचा दोष. २०१९ नंतर मार्व्हलच्या चित्रपटांनी स्वतःच गेमची खोड लावून घेतली. 'डॉक्टर स्ट्रेंज इन द मल्टिव्हर्स ऑफ मॅडनेस' नीट समजण्यासाठी आधी 'वांडाव्हिजन' ही मालिका पाहिलेली असावी लागते, आणि २०२३ चा 'द मार्व्हल्स' तर एकाहून अधिक मालिका पाहून आलेल्यांसाठीच बनवला होता. तिकीट काढल्यावरही गृहपाठ राहिला असेल, तर तो चित्रपट आणि रोजची हजेरी मागणारा गेम यांत फारसा फरक राहत नाही. मला मनापासून आवडलेला 'स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' देखील या आरोपातून सुटत नाही. २०२३ मध्ये तो आपल्याकडे मराठीसह दहा भाषांत लागला. त्यात पवित्र प्रभाकर हा भारतीय स्पायडर-मॅन आहे आणि मुंबई व मॅनहॅटन एकमेकांत कालवून तयार केलेले मुंबॅटन नावाचे शहर आहे. त्या शहराची गर्दी, पाट्या आणि एकावर एक चढलेले रस्ते पाहून कळव्याच्या पुलावर अडकलेल्या माणसाला घरी आल्यासारखे वाटते. परंतु एकशे चाळीस मिनिटांनंतर तो ऐन मोक्याला थांबतो आणि 'पुढील भागात' म्हणतो. पूर्ण तिकीट घेऊन अर्धी गोष्ट दिल्याचा राग मला आजही आहे.

पात्रांच्या बाबतीत तुलना होऊच शकत नाही. 'एंडगेम'चा खलनायक थॅनोस गेममध्ये म्हणजे काही आकडे आणि एक जांभळे चित्र असते. 'द डार्क नाइट'मध्ये हीथ लेजरने उभा केलेला जोकर, ज्यासाठी त्याला मृत्यूनंतर ऑस्कर मिळाले, किंवा २०२१ च्या 'मिन्नल मुरली' या मल्याळम चित्रपटातला शिबू, गावाने आयुष्यभर हिणवलेला आणि म्हणूनच भीतिदायक झालेला, अशी माणसे चित्रपटच देऊ शकतो. 'मिन्नल मुरली'चा नायक खेड्यातला शिंपी आहे आणि चित्रपट समजण्यासाठी आधी काहीही पाहिलेले असण्याची गरज नाही. भाच्याला मी पहिली शिफारस त्याचीच केली, आणि त्यासाठी मॉलमध्येही जावे लागत नाही.

सोबतीच्या बाबतीत गेमचे पारडे थोडे जड आहे, कारण बीजीएमआयमध्ये चौघांची तुकडी करून ऐरोलीचा मित्र आणि पुण्याला शिकायला गेलेला मित्र रोज रात्री भेटू शकतात. त्या गेमनेच अठरा वर्षांखालील खेळाडूंना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली आहे, यावरून त्याची ओढ किती आहे हे समजावे. फोन तापणे, बॅटरी उतरणे आणि जागा अडणे यांबद्दल काही लिहीत नाही. खेळणाऱ्याला ते ठाऊक असते.

राहिला हजार रुपयांचा प्रश्न, आणि येथे एक साधी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. २०२५ मध्ये मार्व्हलचे तीन चित्रपट आले आणि त्याच वर्षी जुलैत 'सुपरमॅन' आला. म्हणजे मोठे असे चार. चारही शनिवारी संध्याकाळी पॉपकॉर्नसह पाहिले तरी वर्षाचे तीन-साडेतीन हजार होतात, आणि २०२४ मध्ये तर मार्व्हलच्या या मालिकेतला 'डेडपूल अँड वुल्व्हरिन' हा एकच चित्रपट आला होता, तोही आपल्याकडे केवळ प्रौढांसाठी, त्यामुळे भाचा तेव्हा दारातूनच परत आला असता. चित्रपटांच्या वर्षात रिकामे महिने असतात. गेमच्या वर्षात असा महिना कधीच येत नाही, त्यामुळे त्याला महिन्याची रक्कम ठरवून दिली तर तो ती दर महिन्याला पूर्ण खाणार.

म्हणून भाच्याला मी असे सांगितले आहे की चित्रपटांसाठी वर्षाचे साडेतीन हजार बाजूला काढावेत आणि जो चित्रपट पाहण्यासाठी आधी एखादी मालिका पाहावी लागते त्याचे तिकीट काढू नये. गेम स्नॅपच ठेवावा, तो गाडीतच खेळावा आणि घणसोली आले की डाव अर्धा असला तरी माघार घ्यावी. पास घ्यायचाच असेल तर परीक्षा नसलेल्या महिन्यात एकदा घ्यावा, आणि पैसे भरताना 'ऑटोपे', म्हणजे दर वेळी आपोआप पैसे कापण्याची परवानगी, असा शब्द दिसला तर त्याच क्षणी मागे फिरावे.