एम-थ्रीचा पिअर ग्रुप, एका सेमिस्टरनंतर (तक्रार आणि थोडं कौतुक)

पिअर टीचिंग म्हणजे विद्यार्थ्यांनीच विद्यार्थ्यांना शिकवायचं, जास्त सांगत बसत नाही. मी डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या डायरेक्ट सेकंड इयरला आलेला, एम-वन एम-टू (फर्स्ट इयरचं गणित) झालेलंच नाही आणि समोर त्याच्या पुढचं एम-थ्री. बाहेरच्या क्लासची फी 6,000, घरी मागवेना, म्हणून कॉलेज सुटल्यावरच्या फुकटच्या ग्रुपला बसायला लागलो, टीईचा (थर्ड इयरचा) एक दादा शिकवायचा.

पहिला दीड महिना मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की जबरदस्त आहे. दादा मराठीत समजावतो, तीनदा विचारलं तरी चिडत नाही, सरांसमोर तोंड उघडत नव्हतं ते इथे उघडलं.

मग इनसेमच्या (सेमिस्टरच्या मधल्या परीक्षेच्या) आधी त्याने लाप्लास ट्रान्सफॉर्ममधल्या फर्स्ट शिफ्टिंगच्या नियमाचं प्लस-मायनसचं साइन उलटं शिकवलं. ई रेज टू मायनस टू-टी असेल तर एसच्या जागी एस प्लस टू येतं, त्याने एस मायनस टू लिहिलं, आम्ही आठही जणांनी तेच पाठ केलं आणि पेपरात तेच उतरवलं. मला 30 पैकी 11.

मार्कांपेक्षा मला हे जास्त लागलं की शंका एकालाही आली नाही. लाप्लासच्या इंटिग्रलमध्ये दोन्ही घात एकत्र केले की एस प्लस टू समोर दिसतं, एका ओळीचं काम, पण करून कोणी बघितलंच नाही. नुसतं ऐकून डोकं हलवायचं यालाच मी कॉन्फिडन्स समजत होतो.

इथे माझं मत बदललं. दादा दुसऱ्या दिवशी सरळ म्हणाला, माझं चुकलं, आणि मार्कर माझ्या हातात दिला. दोनदा अडकलो पण ती ओळ मीच सिद्ध केली, आणि तेव्हापासून गणिताची धास्ती खरंच कमी झाली. आता आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर लिहायचं, मग शेजारच्याला पटवायचं. हार्वर्डचे एरिक माझूर फिजिक्सच्या वर्गात 1991 पासून असंच करत आले, पण त्यांच्या पद्धतीत फारच थोड्यांचं बरोबर आलं तर चर्चा न करता शिक्षक परत समजावतात. आमचे आठही चुकले होते, आम्ही एकमेकांना काय पटवणार होतो?

म्हणून माझी एकच मागणी आहे, आठवड्यातून दहा मिनिटं एखाद्या सरांनी आमची उत्तरांची शीट बघावी. डिपार्टमेंटला दोनदा विचारलं, टाइमटेबलमध्ये बसत नाही म्हणाले. एंडसेमला 70 पैकी 44 आले. या वर्षीच्या डिप्लोमावाल्यांना आता मी शिकवतो आणि दर सोमवारी शीट घेऊन स्टाफरूमबाहेर उभा राहतो, कोणीतरी बघेपर्यंत.